अल्झायमर: आहार आणि दिनचर्येतले बदल कोणत्या क्रमाने करायचे

घरात कुणी विसरायला लागलं की त्याच रात्री बदाम भिजत पडतात. मागोमाग ब्राह्मीच्या गोळ्या येतात, कुणीतरी खोबरेल तेलाचा व्हिडिओ पाठवतं, सुडोकूचं पुस्तक आणलं जातं. यात सहा-आठ महिने सहज जातात आणि रक्ततपासणी, बीपी, कानाचं मशीन, रोजचं चालणं हे सगळं रांगेत मागे राहतं. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत आम्ही नेमकं हेच केलं. नंतर ओळखीतल्या चार-पाच घरांतही तेच होताना पाहिलं. करायच्या गोष्टी बहुतेकांना माहीत असतात, क्रम मात्र उलटा लागतो.

अल्झायमर हमखास टाळणारा किंवा झालेला परत फिरवणारा कोणताही पदार्थ नाही, हे आधीच मान्य करून पुढे वाचा. मात्र हातात काहीच नाही असंही नाही. स्मरण आणि आकलन ढासळत जाणाऱ्या आजारांना मिळून डिमेन्शिया म्हणतात, अल्झायमर हा त्यातलाच सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचे बदलता येण्यासारखे १४ धोके दिले आहेत. ते सगळे दूर झाले तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा पुढे ढकलला जाऊ शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत बीपी, मधुमेह, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ऐकू कमी येणं, दृष्टी अधू होणं, बैठी सवय, धूम्रपान, दारू, नैराश्य, एकटेपणा आणि डोक्याला मार लागणं आहे. बदामाचं नाव नाही.

मेंदूतले बदल लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून सुरू झालेले असतात. तेव्हा आईसाठी हे वाचत असाल आणि तुम्ही पंचेचाळिशी ओलांडली असेल, तर पहिले सहा टप्पे तुमचेही आहेत.

## टप्पा १: आधी वही, गोळ्यांची पिशवी आणि तपासण्या

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. त्यात “फार विसरतात” असं लिहू नका. तारीख घाला आणि काय घडलं ते लिहा. आमच्या वहीतली पहिली नोंद पाडव्याची आहे. सासूबाईंनी पुरणाची डाळ शिजवली, चाळणीत उपसली आणि खालचा सगळा कट मोरीत ओतून दिला. चाळीस वर्षं ज्यांच्या हातची कटाची आमटी खायला माणसं यायची, त्यांनी. वर “आमटी कसली गं?” असं मलाच विचारलं. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं आणि हातात मुरलेल्या कामाच्या पायऱ्या गळणं वेगळं. डॉक्टरांना ही एक नोंद पानभर वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडली.

मग घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा. “सगळी” म्हणजे सर्दीची, झोपेची, मेडिकलवाल्याने दिलेली आणि काढ्याची पुडीसुद्धा. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन, दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन, लघवी धरून ठेवता येत नाही म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, झोपेचं अल्प्राझोलाम यांनी म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढतो. एकेका गोळीने नाही वाढला तरी दोन-तीन एकत्र आल्या की वाढतो.

तपासण्यांत साधारण हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइडची टीएसएच, उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची साखर, सोडियम, किडनीसाठी क्रिएटिनिन, लिव्हर आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मेंदूचा एमआरआय किंवा सीटी स्कॅन येतात. सोडियम मुद्दाम लिहून न्या. बीपीच्या काही गोळ्यांनी ते घसरतं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागतो. भरून काढलं की बऱ्याचदा ताळ्यावरही येतो.

बी-१२ ची कमतरता आपल्याकडे सर्रास आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी हे वर्षानुवर्षं दाखवत आले आहेत. हे जीवनसत्त्व पालेभाजीत, डाळीत, नाचणीत नसतं. ते दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. शाकाहारी माणूस वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची पॅन्टोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल घेत असेल, तर तपासणीत पहिला संशय याचाच घ्या. आकडा २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० ला काठावरचा मानतात.

इथे आमची चूक झाली. कुणीतरी म्हणालं म्हणून आधी पाच इंजेक्शनं दिली आणि महिन्याने तपासणी केली. आकडा झकास आला! मुळात तो किती होता, हे कळायचा मार्गच उरला नाही. आधी रक्त द्या, मग इंजेक्शन घ्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही लॅबमध्ये सांगा, त्याने थायरॉइडचा आकडा चुकीचा येऊ शकतो.

थांबा: गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक वाढला, माणूस झोपाळू झाला, पडल्यानंतर काही आठवड्यांनी वागणं बदललं किंवा तोंड-हात वाकडा झाला, तर हा लेख बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. लघवीचा संसर्ग, मेंदूभोवती साठलेलं रक्त, पक्षाघात, यांतलं काहीही असू शकतं. अल्झायमर असा रातोरात येत नाही.

तपासा: पिशवीतली प्रत्येक गोळी कुणी, कशासाठी, कधीपासून दिली ते वहीत आलं का? कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. झोपेची तर नाहीच, ती एकदम सोडली की त्रास होतो.

## टप्पा २: बीपी आणि मीठ

मेंदूपर्यंत रक्त नेणाऱ्या नळ्या धड नसतील तर ताटात काहीही वाढून उपयोग नाही. बीपी घरीच मोजा, पण नीट मोजा. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, दंड छातीच्या पातळीवर ठेवा. आधीच्या अर्ध्या तासात चहा नाही, तंबाखू नाही, मिश्रीही नाही. मिश्री आपल्या बायका व्यसनात धरतच नाहीत. सकाळी दात घासताना लावली आणि लगेच मोजला की बीपी चढलेला दिसतो. सकाळ-संध्याकाळ दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, असं सात दिवस मोजा आणि सगळे आकडे वहीत लिहा.

अमेरिकेतल्या स्प्रिंट-माइंड या २०१९ च्या अभ्यासात वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचं ध्येय असलेल्या गटात स्मृतिक्षीणतेची, म्हणजे डिमेन्शियाच्या आधीची पायरी कमी जणांत दिसली. खुद्द डिमेन्शियातला फरक मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही. त्यामुळे पंचावन्नच्या माणसाने “वयाप्रमाणे १५० चालतो” ही समजूत सोडावी. पण ऐंशीच्या, उठताना झोक जाणाऱ्या माणसाला १२० वर आणायचा हट्ट धरू नये. तिथे उभं राहिल्यावरचा बीपीही मोजून डॉक्टरांना दाखवा. तो २० ने पडत असेल तर पडायचा धोका आहे.

मिठाचा हिशेब पुड्यावरून करा. जागतिक आरोग्य संघटनेने माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगितलं आहे. म्हणजे तीन माणसांच्या घरात किलोचा पुडा दोन महिने पुरला पाहिजे. आमचा पंचवीस दिवसांत संपायचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण धरलेलं नव्हतं.

## टप्पा ३: कान आणि डोळे

“ऐकू येत नाही” आणि “लक्षात राहत नाही” बाहेरून सारखंच दिसतं. आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करा. कधीकधी कानातला मळ काढला तरी निम्मं काम होतं. २०२३ च्या अचीव्ह अभ्यासात श्रवणयंत्रांचा सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही, पण ज्यांना डिमेन्शियाचा धोका मुळातच जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांत बुद्धीची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. मोतीबिंदू पिकायची वाट बघायचे दिवस गेले, दिसत नसेल तर काढून टाका.

चूक: मशीन आणून कपाटात ठेवणं. पहिले दोन आठवडे शांत खोलीत तासभर, मग हळूहळू वाढवत न्या. पहिल्याच दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये घालून नेलं तर ते पुन्हा कानाला लागणार नाही.

## टप्पा ४: चालणं आणि उठबस

आठवड्याला १५० मिनिटं दमदार चालणं. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग. मैत्रिणींबरोबर बागेत गप्पा मारत केलेल्या फेऱ्या मनाला चांगल्या, यात त्या धरू नका.

लोक गाळतात ते म्हणजे ताकद आणि तोल. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, असे दोन-तीन गट. पासष्टीपुढे आठवड्यातून तीनदा तोलाचा सराव: ओट्याला धरून एका पायावर, सुरुवातीला दहा सेकंद. “गुडघे दुखतात” ही सबब चालायला लागू असेल, बसल्या जागी पाय सरळ करून धरायला नाही.

## टप्पा ५: ताट

अभ्यास काय सांगतात ते आधी प्रामाणिकपणे पाहू. पालेभाजी, कडधान्यं, अख्खी धान्यं, सुकामेवा, बेरी आणि मासे यांवर भर देणारा ‘माइंड’ आहार २०१५ मध्ये अमेरिकेत मांडला गेला. तसं खाणाऱ्यांना अल्झायमर कमी झाल्याचं निरीक्षणातून दिसलं. पण २०२३ मध्ये ६०४ जणांवर तीन वर्षं केलेल्या चाचणीत हा आहार आणि साधा, थोडं कमी खायचा आहार, यांत फारसा फरक निघाला नाही. याउलट फिनलंडच्या ‘फिंगर’ अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१५ साली आले, साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १,२६० लोकांपैकी ज्या गटाने आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि बीपी-साखरेवर देखरेख हे चारही दोन वर्षं एकत्र केलं, त्याची कामगिरी सरस ठरली. नुसतं ताट बदलून भागत नाही, म्हणून ते पाचव्या टप्प्यात आहे.

त्यासाठी ऑलिव्ह तेल आणि ब्लूबेरी आणायची गरज नाही. घरातले बदल या क्रमाने करा, दर पंधरा दिवसांनी एकच. सगळं एकदम बदललं की तिसऱ्या दिवशी घर बंड करतं.

१. पालेभाजी रोज. मेथी, चाकवत, लाल माठ, अंबाडी, शेवग्याचा पाला. वाटीभर खा, चमचाभर चवीपुरती नको. पातळ भाजीत डाळ-दाणे घातले की म्हाताऱ्यांना चावायलाही सोपी जाते.

२. भाकरी परत आणा. रात्री पोळीऐवजी ज्वारी, बाजरी किंवा नाचणी. भाताची मूद निम्मी करा आणि उरलेली जागा उसळीने भरा. मटकी, मसूर, चवळी, हुलगे आलटूनपालटून. बहुतेक घरांत भात तोच राहतो आणि भाकरी वरून वाढते, मग वजन आणि साखर दोन्ही चढतात.

३. जवसाची किंवा कारळ्याची चटणी एक चमचा. दाणे, अक्रोड मिळून मूठभर. आता खा बदाम.

४. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून एक-दोनदा बांगडा किंवा तारली, कालवणात. रव्यात घोळून तळलेली तुकडी यात धरायची नाही, आणि सुक्या माशातलं मीठ विसरायचं नाही. शाकाहारी माणसाला जवस-अक्रोडातून ओमेगा-३ मिळतं, पण शरीर त्यातलं थोडंच माशातल्या प्रकारात बदलू शकतं, हे धरून चाला.

५. फळात जांभूळ, आवळा, करवंद, पेरू, जे हंगामात असेल ते. रस नको.

६. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. तळणीचं तेल परत परत तापवू नका. फरसाण, खारी, टोस्ट घरात ठेवूच नका, चहाबरोबर ती किती जातात ते कुणी मोजत नाही.

थांबा: मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी एकादशी-चतुर्थीचे उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. साखर पुन्हा पुन्हा खाली जाणं मेंदूला वाईट. आणि सकाळी काही न खाता दुपारी साबुदाण्याची खिचडी म्हणजे आधी दरी, मग डोंगर.

गोळ्यांबद्दल थोडक्यात: स्मरणशक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या जिंको बिलोबा या वनस्पतीच्या अर्कावर ३,००० हून अधिक वृद्धांची मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २००८ मध्ये आले, डिमेन्शिया टळला नाही. खोबरेल तेलाच्या बाजूने भरवशाचा पुरावा नाही, आणि रोज चार चमचे पोटात गेलं तर एलडीएल मात्र वाढेल.

## टप्पा ६: झोप आणि माणसं

सात तास झोप, वामकुक्षी अर्ध्या तासात संपवायची. मोठमोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या, ते कौतुकाने सांगायचं प्रकरण नाही. मेंदूच्या व्यायामासाठी शब्दकोडी वाईट नाहीत, पण कोडी सोडवून माणूस मुख्यतः कोड्यांत हुशार होतो. भजनी मंडळात नवं भजन पाठ करणं, नातवाकडून फोनवर तिकीट काढायला शिकणं यात नवी गोष्ट, माणसं आणि थोडी फजिती तिन्ही येतात. दोन महिने कशातच रस वाटत नसेल, तर “वय झालं” म्हणून सोडू नका, नैराश्यावर उपचार आहेत.

## टप्पा ७: निदान झाल्यावर दिवस कसा बांधायचा

आता नियम बदलतात. इथून पुढे ताटाचा उद्देश पोट भरणं आणि वजन राखणं हा आहे. दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करा. तीन महिन्यांत दोन-तीन किलो उतरलं तर पथ्य सैल करा, साय, तूप, शेंगदाण्याचा लाडू येऊ द्या, आणि डॉक्टरांना कळवा. अल्झायमरसाठी दिल्या जाणाऱ्या डोनेपेझिलसारख्या औषधानेही भूक मरते, मळमळ होते, जुलाब होतात. नाडी फार मंद वाटली किंवा चक्कर आली तर लगेच सांगा.

जेवण. स्टीलच्या चकचकीत ताटात दहीभात सासूबाईंना दिसतच नव्हता. त्या ताटाकडे बघत बसायच्या आणि आम्हाला वाटायचं, भूक नाही. गडद निळ्या थाळीत वाढला तर स्वतःच्या हाताने खाल्ला. एका वेळी एक-दोनच पदार्थ वाढा. बोटांनी उचलता येईल असं करा: धिरड्याचे तुकडे, इडली, मुटकुळे. टीव्ही बंद. “मला कुणी जेवायलाच दिलं नाही” असं शेजारी जाऊन सांगितलं तर रागावू नका, वादही घालू नका. खरकटी थाळी दहा मिनिटं समोर राहू द्या आणि दुपारी काहीतरी थोडं पुन्हा द्या. पाणी मागून पितील ही अपेक्षा सोडा. प्रत्येक गोळीला, प्रत्येक चहाआधी पेला हातात द्या, मधूनमधून ताक, पेज, कोकमाचं सार. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

तपासा: पाणी पिताना ठसका लागतो का? जेवणानंतर आवाज घोगरा, ओला येतो का? मग गिळण्याची तपासणी करा. ताठ बसवून भरवा, झोपवून कधीच नाही. पातळ आमटीत मोकळा भात गिळायला सगळ्यात अवघड, त्यापेक्षा एकजीव मऊ खिचडी बरी.

आंघोळ. भांडणं सर्वांत जास्त इथे होतात. टॉवेल, कपडे, कोमट पाण्याची बादली, बसायला स्टूल सगळं आधी मांडा, मगच त्यांना आणा. साडीऐवजी पुढून बटणांचा गाऊन. न्हाणीघराची आतली कडी काढून टाका. नको म्हणाल्या तर अर्ध्या तासाने पुन्हा विचारा. रोज आंघोळ झालीच पाहिजे हा आग्रह आपला असतो, एखाद्या दिवशी अंग पुसून घेतलं तरी चालतं.

दिवेलागण. संध्याकाळी पाचनंतर बेचैनी वाढते. अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावा, पडदे ओढा. मालिकांमधली भांडणं त्यांना घरातलीच वाटतात, त्या वेळी टीव्ही नको.

आमच्याकडे रोज सहाला सासूबाई पदर खोचून दारात उभ्या राहायच्या. “अगं, मला वाईला जायचंय, आई वाट बघत असेल.” त्यांची आई जाऊन तीस वर्षं झाली होती. मी पहिले काही महिने म्हणत राहिले, “आई, अहो हेच तुमचं घर.” त्यावर त्या रडायच्या. रोज नव्याने. मग एकदा सहज विचारलं, “वाईला तुमच्या घराच्या पाठीमागेच घाट होता ना?” त्या बसल्या आणि अर्धा तास घाटाबद्दल, पुराबद्दल बोलल्या. माहेरी जायचंय म्हणणाऱ्या बाईला पत्ता सांगत बसू नका. माहेराबद्दल विचारा. फारच घाई असेल तर खरंच खाली नेऊन फाटकापर्यंत फिरवून आणा.

सुरक्षितता. स्वयंपाक झाला की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. दाराला नेहमीच्या जागी नाही तर वर एक जादा बोल्ट, मात्र घरात एकटं ठेवून बाहेरून कुलूप कधीच नाही. नाव आणि घरचा फोन नंबर कोरलेलं कडं किंवा लॉकेट अंगावर, अलीकडचा फोटो तुमच्या फोनमध्ये. वॉचमन, वाणी, रिक्षा स्टँड यांना सांगून ठेवा. लाज बाळगलीत तर शोधायला तुम्ही एकटेच असाल.

## टप्पा ८: कागद आणि बदली माणूस

मृत्युपत्र, नॉमिनी, जॉइंट खातं हे निदानानंतरच्या पहिल्याच महिन्यांत करा, त्यांना स्वतःला समजतंय तोवर. “मुखत्यारपत्र आहे ना” यावर विसंबू नका. माणसाची आकलनशक्ती गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्याने टिकत नाही. वकिलाला भेटा.

सगळा भार एकाच व्यक्तीवर, बहुधा सुनेवर किंवा मुलीवर येतो, आणि दोन वर्षांत तिचंही बीपी सुरू होतं. आठवड्यातून एक दुपार तिची सुट्टी ठरवून टाका. कुणी नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारा. तिचं स्वतःचं मन थकलं असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६.

बदली माणसासाठी फ्रिजवर एक कागद लावा. आमच्या कागदावर हे होतं: चहा अर्धा कप, साखर पुन्हा मागतील, रिकामा चमचा ढवळून द्या. कानाचं मशीन उशीखाली असतं. चारला बाथरूमला न्या, विचारू नका, नुसतं “चला” म्हणा. सहाला वाई. घाटाबद्दल विचारा.